कागदावर स्पॅनिश, तोंडात ग्वारानी

दक्षिण अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या भाषा कोण बोलतं, या प्रश्नाला बहुतेक देशांत सरळ उत्तर आहे : मूळ रहिवासी बोलतात, आणि शहरात आले की तेही आवाज खाली घेतात. पॅराग्वेत हे उत्तर चालत नाही. २०२२च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या साधारण एकसष्ट लाख. त्यात मूळ रहिवासी म्हणून नोंदलेले लोक दीड लाखाच्याही आत. आणि ग्वारानी बोलणारे? ‘घरात कोणती भाषा बोलता’ असं विचारलं की ढोबळमानाने तीन गट पडतात. एक बहुतेक वेळ ग्वारानी बोलणारा, एक दोन्ही भाषा वापरणारा आणि एक बहुतेक वेळ स्पॅनिश बोलणारा. तिन्ही साधारण सारखेच. म्हणजे ज्यांची आडनावं गोन्सालेस, बेनितेस, आयाला आहेत, जे स्वतःला मूळ रहिवासी मुळीच म्हणवत नाहीत, असे लाखो लोक चुलीपाशी, बसमध्ये, भांडणात आणि लाडात जी भाषा बोलतात ती स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासून तिथे आहे.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि मधूनमधून दुभाष्याची कामं घेते. आपल्याकडची औषधं पॅराग्वेला जातात. तशाच एका कंपनीच्या कामासाठी माझं आसुन्सिओनला जाणं-येणं सुरू झालं. ‘तिकडे इंग्रजीचा उपयोग नाही, स्पॅनिश आलं की झालं,’ असं कंपनीतल्या लोकांनी सांगितलं होतं आणि बैठकीच्या टेबलावर ते खरंही होतं. नोंदणीचे अर्ज, दरपत्रकं, करारातली कलमं, सगळं स्वच्छ स्पॅनिश. पण भाव ठरवायची वेळ आली की समोरचे दोघं एकमेकांकडे वळत आणि वेगळ्याच भाषेत सल्लामसलत करत. बरेचसे स्वर नाकातून येणारे, शब्दाच्या मध्येच श्वास अडल्यासारखा एक थांबा. मग त्यांच्यातला एक माझ्याकडे वळून शांतपणे स्पॅनिशमध्ये आकडा सांगे. आम्हीही त्यांच्यासमोर बिनदिक्कत मराठीत बोलून घेत होतो, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

परक्याला कळू नये म्हणून ग्वारानी, ही युक्ती तिथे जुनी आहे. पॅराग्वेचे फुटबॉलपटू परदेशी संघाविरुद्ध मैदानात एकमेकांना ग्वारानीत सूचना देतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. १९३२ ते १९३५ या काळात बोलिव्हियाशी चाकोच्या रखरखीत माळावर युद्ध झालं, तेव्हा आघाडीवरचे संदेश ग्वारानीत द्यायचे असा सैन्यात दंडक होता. शत्रूने तार जोडून ऐकलं तरी त्याच्या हाती काही लागू नये. गंमत म्हणजे बोलिव्हियाचे साधे शिपाईही घरी केचुआ नि आयमारा बोलणारे होते. खंदकात तहानेने मरणारी पोरं दोन्हीकडची मूळ भाषांतली, आणि दोन्हीकडचे नकाशे, हुकूम, शेवटी झालेला तह, सगळं स्पॅनिशमधलं. त्या युद्धात एमिलियानो फर्नांदेस नावाचा शाहीरच म्हणावा असा शिपाई ग्वारानीत आणि मिश्र भाषेत गाणी रचत होता. ती अजून गायली जातात.

ही भाषा इथेच का टिकली, याची एक गोड कथा पॅराग्वेत सगळे सांगतात : स्पॅनिश पुरुष आणि ग्वारानी स्त्रिया यांची मनं जुळली आणि एक नवं राष्ट्र जन्मलं. शाळेतल्या भिंतींवर अशी चित्रं असतात. मला ही कथा पटत नाही, आणि तिथल्या इतिहासकारांनाही ती पटत नाही. १५३७ साली आसुन्सिओनची गढी उभी राहिली. समुद्र शेकडो मैल दूर, सोनं नाही, चांदी नाही. त्यामुळे स्पेनहून नवे लोक फारसे आले नाहीत, युरोपीय बायका तर नाहीतच म्हटलं तरी चालेल. ग्वारानी टोळ्यांची रीत अशी की लेक दिली की जावई आणि मेहुणे आपल्या गोतातले झाले, आणि गोतातल्यांनी एकमेकांच्या शेतावर राबायचं. स्पॅनिशांनी या रीतीतली घेण्याची बाजू उचलली, देण्याची सोडली. मेहुण्यांना वेठीला धरलं. पुढे पुढे तर गावांवर धाडी घालून बायका पळवून आणल्या. त्यांची देवघेवही झाली. डोमिंगो मार्तिनेस दे इराला या तिथल्या गव्हर्नराने १५५६च्या मृत्युपत्रात वेगवेगळ्या ग्वारानी स्त्रियांपासून झालेली आपली मुलं नावानिशी नोंदवली आहेत. मुलांना बापाचं नाव मिळालं, हक्क मिळाले. भाषा मिळाली ती आईची, कारण घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतंच.

पुढे दुसरीकडे जेझुइट पाद्री आले. १६०९पासून त्यांनी पाराना आणि उरुग्वाय नद्यांच्या खोऱ्यात ग्वारानी लोकांच्या वसाहती वसवल्या आणि तिथला सगळा कारभार ग्वारानीत चालवला : प्रार्थना, हिशेब, पत्रं, सगळं. लिमात जन्मलेल्या आंतोनियो रुईस दे मोन्तोया या पाद्र्याने ग्वारानीचा मोठा कोश १६३९मध्ये आणि व्याकरण १६४०मध्ये माद्रिदला छापून घेतलं. इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. त्याच १६४० साली, त्याच जेझुइट संघाच्या दुसऱ्या एका पाद्र्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण गोव्यात रायतूरला छापलं गेलं. लेखक आपल्या ओळखीचा : ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणारा फादर थॉमस स्टीफन्स. तो १६१९मध्येच वारला होता, व्याकरण मागाहून निघालं. एकाच संघाने, एकाच धोरणाने, पृथ्वीच्या दोन टोकांना लोकांची भाषा शिकून तिचे नियम बांधले. आणि पुढे दोन्हीकडच्या राजसत्तांनी पाद्र्यांचं हे काम मोडीत काढायचा हुकूमही काढला : गोव्यात १६८४मध्ये, स्पॅनिश अमेरिकेत १७७०मध्ये. (गूगलच्या भाषांतर सेवेत कोकणी आणि ग्वारानी २०२२ साली एकाच दिवशी दाखल झाल्या, हे कळल्यावर मला हसू आलं.)

जेझुइट वसाहतींत एक गोष्ट अशी झाली जी इतरत्र फारशी झाली नाही. ग्वारानी माणसं स्वतः लिहू लागली. वसाहतींमध्येच छापखाना उभा राहिला, आणि निकोलास यापुग्वाय या ग्वारानी पुढाऱ्याचं पुस्तक १७२४मध्ये त्यावर छापून निघालं. १७५०मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांनी आपसांत तह करून सात वसाहती पोर्तुगालला देऊन टाकल्या, तेव्हा तिथल्या पंचांनी १७५३मध्ये ब्युनोस आयर्सच्या गव्हर्नराला ग्वारानीत पत्रं लिहून ठणकावलं की ही जमीन आमची आहे, आम्ही हलणार नाही. जेझुइटांना १७६७मध्ये हाकललं गेलं, वसाहती ओस पडत गेल्या, आणि लिहिती ग्वारानी जवळजवळ विस्मरणात गेली. बोलती राहिली.

मग आलं १८६४चं युद्ध : एकीकडे पॅराग्वे, दुसरीकडे ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वाय. १८७०मध्ये ते संपलं तेव्हा देशात प्रौढ पुरुष फारच थोडे उरले होते. युद्ध चालू असताना ‘काबिचुई’सारखी पत्रकं छावणीतच छापली जात, लाकडी ठशांची व्यंगचित्रं आणि ग्वारानी मजकूर घेऊन. सरकारला शिपायांच्या भाषेची तेव्हा गरज होती. गरज संपली. नव्या सरकारने युरोपाकडे तोंड करून शाळेत ग्वारानीला बंदी घातली. त्यानंतरची शंभर वर्षं पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी शाळेत ग्वारानी शब्द तोंडातून गेला म्हणून मार खाल्ला, मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून शिक्षा भोगली. आसुन्सिओनमधल्या माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्या गुडघ्याला हात लावून हे सांगतात, आणि सांगतात ग्वारानीतच. मला कळावं म्हणून मग स्पॅनिशमध्ये पुन्हा.

मात्र युद्धानंतर देश पुन्हा उभा केला तो बायकांनी. घर, शेत, बाजार त्यांच्या हातात होता, आणि त्यांची भाषा कोणती हे पाद्र्यांना माहीत होतं तसंच सरकारलाही होतं. बंदी शाळेच्या फाटकाबाहेर कधी गेलीच नाही.

१९६०च्या सुमारास जोन रुबिन ही अमेरिकन अभ्यासक आसुन्सिओनजवळच्या लुके गावात आणि एका खेड्यात राहिली. कोण कोणाशी कधी कोणती भाषा बोलतं, हे ती विचारत आणि टिपत होती. १९६८मध्ये निघालेलं तिचं पुस्तक अजून वाचनीय आहे. तिला दिसलं ते असं : खेडं असेल तर ग्वारानी. शहर असेल, पण काम औपचारिक असेल, डॉक्टर, मास्तर, साहेब, तर स्पॅनिश. औपचारिक नसेल तर पुढचा प्रश्न : जवळीक आहे का? आहे, तर ग्वारानी. चेष्टामस्करी? ग्वारानी. प्रेमात पडलेली जोडपी सुरुवातीला स्पॅनिश बोलतात आणि जवळ आली की ग्वारानीवर येतात, हेही तिने नोंदवलं. मी हे एका तरुण सहकाऱ्याला सांगितलं तर तो लाजला आणि म्हणाला, आता उलटं आहे. आता पहिला विनोद ग्वारानीत मारावा लागतो, नाहीतर मुलगी म्हणते फारच शिष्ट आहे.

रुबिनच्या त्या नकाशात सन्मानाची जागा कुठे आणि मायेची कुठे, हे स्पष्ट आहे. स्ट्रोएसनरची हुकूमशाही (१९५४ ते १९८९) दोन्ही जागा ओळखून होती. १९६७च्या राज्यघटनेने दोन्ही भाषांना ‘राष्ट्रीय’ म्हटलं आणि कारभाराला एकच ठेवली, स्पॅनिश. सभेत ग्वारानीत गहिवर, कचेरीत स्पॅनिशमध्ये हुकूम. ग्वारानीचा मोठा अभ्यासक आणि मूळ रहिवाशांचा कैवारी, पाद्री बार्तोमेउ मेलिया याला याच राजवटीने १९७६मध्ये देशाबाहेर काढलं. कादंबरीकार आउगुस्तो रोआ बास्तोसही परागंदाच होता. ज्याच्या स्पॅनिश वाक्यांखाली ग्वारानीचा ठेका सतत ऐकू येतो त्या माणसाला स्पॅनिश साहित्यातला सर्वांत मानाचा सेर्व्हांतेस पुरस्कार १९८९मध्ये मिळाला. त्याच वर्षी स्ट्रोएसनरची सत्ता गेली.

१९९२च्या घटनेने ग्वारानी स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा झाली. १९९४पासून शाळांत दोन्ही भाषा आल्या, २०१०मध्ये भाषा कायदा झाला, मग भाषाधोरण सचिवालय, मग ग्वारानी अकादमी. २०१८मध्ये अकादमीचं व्याकरणही आलं. कागदोपत्री याहून जास्त काय मागणार?

पाराग्वारी गावात आमच्या औषधाचा खप पाहायला गेले होते. दुकानात एक म्हातारी आली, हातात डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठी स्पॅनिशमध्ये, खोक्यावरचं छापील स्पॅनिशमध्ये, आतली घडी घातलेली चिटोरी स्पॅनिशमध्ये; ती मीच तपासून दिली होती. काउंटरवरच्या मुलाने खोकं उघडलं, गोळ्यांची पट्टी बाहेर काढली आणि ग्वारानीत सांगायला सुरुवात केली. जेवायच्या आधी घ्यायची, पाण्याबरोबर घ्यायची, तेरेरे या थंड पेयाबरोबर नाही. म्हातारी मान डोलवत होती. आकडे आले की मुलगा स्पॅनिशवर येई : ‘कादा ओचो ओरास’, दर आठ तासांनी. जुन्या ग्वारानीत चारपर्यंतच अंक रूढ होते, पुढचे आता पुस्तकात नवे बनवले आहेत. पण घड्याळ, पैसे आणि गोळ्या लोक स्पॅनिशमध्येच मोजतात. मग त्याने बॉलपेनने खोक्यावर तीन सूर्य काढले : एक वर येणारा, एक मधला, एक बुडणारा. बाई पैसे देऊन गेली. मी त्याला विचारलं, ही माहिती ग्वारानीत छापली तर? तो म्हणाला, छापा की, पण तीही तिला मीच वाचून दाखवणार. तिला वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते स्पॅनिश वाचायला शिकलेत.

अडचण नेमकी ही आहे. ग्वारानी बोलणारे लाखो आहेत, वाचणारे थोडे, आणि वाचावं लागणारे त्याहून थोडे. मोठी वर्तमानपत्रं स्पॅनिश, खरेदीखत स्पॅनिश, बँकेचा अर्ज स्पॅनिश. भाषेवर माया करायला कुणाची ना नाही. चलनाचं नाव ग्वारानी आहे, निवडणुकीत प्रत्येक उमेदवार ग्वारानीत घसा कोरडा करतो. पण जिला ग्वारानीखेरीज काही येत नाही तिचं काम दुकानातल्या पोराच्या भलेपणावर चालतं, कायद्यावर नाही.

शाळेचं म्हणाल तर घरमालकीणबाईंची नात आसुन्सिओनच्या एका शाळेत आहे. तिचा ग्वारानीचा पेपर असला की घरात रण माजतं. पुस्तकात जानेवारीला ‘जासुतेई’ म्हटलंय, आठवड्यालाही असाच नवा घडवलेला शब्द. आजी म्हणते, मी जन्मभर ग्वारानी बोलते, हे शब्द मी ऐकलेले नाहीत. आम्ही ‘एनेरो’ म्हणतो, ‘सेमाना’ म्हणतो. नात म्हणते, आजी, ते स्पॅनिश झालं, बाई मार्क कापतात. एकदा तर आजीने पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचलं आणि पुढच्या वाक्याला स्वयंपाकघरात निघून गेली. या शुद्धीकरणवाल्यांचा मला राग येत नाही. शंभर वर्षं ज्या भाषेला शाळेबाहेर ठेवलं तिला गणित, भूगोल, कायदा शिकवायला शब्द कुठून आणायचे? पण मुलांना आजीची भाषा चुकीची वाटू लागली तर तो सौदा महाग आहे. नात आजीला उत्तर स्पॅनिशमध्ये देते. पेपरात मार्क मात्र चांगले.

लोकांची खरी भाषा आहे ती जोपारा, म्हणजे मिसळ. याच नावाचा एक पदार्थही आहे, मका आणि वाल-घेवड्यासारख्या दाण्यांचा घट्ट रस्सा. तो १ ऑक्टोबरला घरोघरी शिजतो. त्या दिवशी ‘काराई ओक्तुब्रे’ नावाचा गवती टोपीवाला म्हातारा हातात चाबूक घेऊन हिंडतो आणि ज्याच्या घरी भरलेलं भांडं नसेल त्याच्याकडे वर्षभर दारिद्र्य मुक्कामाला येतं, असं म्हणतात. भाषेतला जोपारा ऐकायचा तर आसुन्सिओनच्या मेर्कादो क्वात्रो या बाजारात जावं. २०१२चा ‘७ काखास’ हा चित्रपट याच बाजारातल्या हातगाडीवाल्या पोराचा. देशात तुफान चालला, आणि लोकांना त्यात सर्वांत जास्त आवडली ती आपली बाजारी बोली पडद्यावर ऐकणं.

बाजारातल्या वनस्पती विकणाऱ्या बायकांना युयेरा म्हणतात. तेरेरे म्हणजे येर्बा माते या पानांचा थंड पाण्यातला पेला. त्यात घालायला कोणाला पोटासाठी, कोणाला डोकेदुखीसाठी, कोणाला नुसता गारवा म्हणून मुळ्या-पाला हवा असतो. गिऱ्हाईक तक्रार सांगतं, युयेरा तीन-चार जुड्यांतून चिमूट चिमूट उचलून लाकडी उखळीत टाकते, मुसळाचे ठक-ठक चार घाव, आणि कुटलेला हिरवा गोळा पिशवीत. बोलणं सबंध वेळ चालू. ‘आमोम्बेउता न्देवे ला वेरदाद’ : तुला खरं सांगते. यात सांगण्याचं क्रियापद आणि ‘तुला’ ग्वारानी, ‘ला वेरदाद’ म्हणजे सत्य, स्पॅनिश. उलट दिशेनेही होतं. स्पॅनिश आज्ञार्थाला मऊपणा आणायला ते मागे ग्वारानीचा ‘ना’ लावतात : ‘वेनी ना’. याचा अर्थ ‘ये ना’. ऐकून मी थबकले. निव्वळ योगायोग आहे, पण पुण्याच्या मंडईतली वाटावी अशी आर्जवी लकेर. शिवाय ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’ हा फरक ग्वारानीतही आहे, स्पॅनिशमध्ये नाही. स्पॅनिश शिकलेल्या युरोपीयांना जे घोटवावं लागतं ते मला फुकट मिळालं.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट बाजूला पडते. देशात मूळ रहिवाशांचे एकोणीस समाज आहेत, पाच वेगवेगळ्या भाषाकुळांतले. ग्वारानी कुळातले म्ब्या, आवा, पाई ताविटेरा आपली ग्वारानी बोलतात; ती पॅराग्वेच्या ग्वारानीपेक्षा वेगळी पडते. चाकोतल्या निवाक्ले, एन्ल्हेत, आयोरेओ या लोकांच्या भाषांचा तर ग्वारानीशी संबंधच नाही. त्यांच्याकडे ग्वारानी गेली ती शिपाई आणि गुराखी घेऊन, वरच्यांची भाषा म्हणून. ग्वाना ही भाषा बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वृद्ध उरले आहेत. आणि पूर्वेकडे म्ब्यांचं जंगल सोयाबीनच्या शेतीखाली जात राहिलं आहे. ज्या भाषेचं नाव नोटेवर आहे त्या भाषेच्या मूळ धन्यांची कुटुंबं जमिनीसाठी राजधानीत येऊन चौकात काळं प्लॅस्टिक ताणून राहतात.

अशाच एका चौकात मी बाकावर बसले होते. विशीतला एक म्ब्या मुलगा वहीच्या पानावर अर्ज लिहीत होता. त्यांच्या मुक्कामात स्पॅनिश लिहिता येणारा तो एकटाच असावा, कारण चार बायका आणि एक म्हातारा त्याला भोवती बसून मजकूर सांगत होते. मी कुठची, विचारून झालं. मी स्पॅनिश शिकवते म्हटल्यावर त्याने वही माझ्याकडे सरकवली : चुका बघा. मी ‘तीतुलो’ म्हणजे मालकीपत्र या शब्दावर राहिलेलं आघातचिन्ह घातलं, एक क्रियापद अनेकवचनी केलं, ‘विनंती’च्या जागी त्याने आधी लिहून खोडलेला ‘मागणी’ हा शब्द परत लिहिला. म्हाताऱ्याने विचारलं, काय बदललं? मुलाने त्याला समजावलं. म्हातारा बराच वेळ काहीतरी बोलला. मग मुलगा मला म्हणाला, आजोबा म्हणतात ओढ्याचं नावही घाला, नुसते हेक्टर लिहिले तर ते दुसरीकडचे देतील. आम्ही ओढ्याचं नाव घातलं.